हॉर्स पोकर स्पर्धा संपल्यावर स्वतःचा खेळ कसा तपासावा

ऑनलाइन स्पर्धेतून बाहेर पडलं की बहुतेक जण एकच हँड (पत्त्यांचा एक डाव) पुन्हा उघडून बघतात, ज्यात शेवटच्या चिप्स गेल्या ती. नो-लिमिट होल्डेममध्ये त्याला अर्थ असतो, कारण तिथे एका निर्णयात सगळ्या चिप्स पुढे सरकू शकतात. हॉर्समध्ये शेवटची हँड बहुतेक वेळा निरपराध असते. इथले पाचही खेळ लिमिटचे, म्हणजे एका वेळी एकच ठरावीक बेट. चिप्स गळून गेलेल्या असतात त्या तासाभरापूर्वी, एकेक बेट करत, आणि त्या जागा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

हॉर्स म्हणजे होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सेव्हन कार्ड स्टड आणि स्टड हाय-लो, याच क्रमाने फिरणारे पाच खेळ. रॅझमध्ये सर्वांत लहान पत्ते जिंकतात, हाय-लोमध्ये पॉट (डावात जमलेल्या चिप्स) मोठ्या आणि लहान हातांत अर्धा-अर्धा वाटला जातो, आणि रॅझ व दोन्ही स्टडमध्ये प्रत्येकाला सात पत्ते मिळतात, काही झाकलेले, काही उघडे. या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा मिळाली २००६ मध्ये. लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये ५०,००० डॉलर प्रवेश शुल्काची हॉर्स स्पर्धा झाली आणि चिप रीझ यांनी ती जिंकली. गंमत अशी की त्या वर्षी शेवटचं टेबल मात्र नो-लिमिट होल्डेमचं ठेवलं होतं. माझ्या मते अर्धी मजा तिथेच गेली. २०१० पासून त्या स्पर्धेत आठ खेळ आले.

पुढे जाण्याआधी कायद्याचं एक. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसून हे वाचणाऱ्यांनी यातलं सगळं फुकटच्या चिप्सवरच्या स्पर्धांना लावावं. परवानाधारक साइट चालतात अशा देशात राहणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत. तपासणीची पद्धत दोन्हीकडे तीच.

पायरी १ : हँड हिस्टरी मिळवा, पण लगेच उघडू नका

खेळाच्या सेटिंगमध्ये हँड हिस्टरी (प्रत्येक डावाची लेखी नोंद) संगणकावर साठवण्याचा पर्याय असेल तर स्पर्धेआधीच चालू करून ठेवा. खेळताना जिथे शंका आली त्या हँडचा क्रमांक कागदावर टिपा, सोबत दोन शब्द: ‘रॅझ, चौथा पत्ता’. याहून जास्त लिहीत बसलात तर पुढच्या हँडमधले उघडे पत्ते बघायचे राहतील.

तपासणी दुसऱ्या दिवशी करा. हरल्या रात्री माणूस स्वतःला शिव्या तरी घालतो, नाहीतर नशिबाला, आणि दोन्हींतून हाती काही लागत नाही.

होल्डेम खेळणारे सवयीने सगळं पोकरट्रॅकरसारख्या सॉफ्टवेअरवर सोपवतात. पण ते होल्डेम आणि ओमाहासाठी बनलेलं आहे. रॅझ आणि स्टडचं काम हातानेच करावं लागतं. मला यात तोटा दिसत नाही, कारण हाताने लिहिताना प्रत्येक उघडा पत्ता नजरेखालून जातो.

पायरी २ : खेळांप्रमाणे वाटणी करा, आणि सांधे वेगळे काढा

वहीची पाच पानं घ्या, एकेका खेळाला एक. प्रत्येक पानावर तीनच गोष्टी: त्या खेळाच्या किती हँड वाटल्या गेल्या, त्यांतल्या किती तुम्ही स्वतःहून खेळलात, आणि शेवटी चिप्स किती वाढल्या किंवा घटल्या. तिसऱ्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. एका स्पर्धेत एका खेळाच्या हँड इतक्या थोड्या असतात की त्यात पत्त्यांचाच हात मोठा. दुसरा आकडा बोलका असतो. रॅझमध्ये पहिल्या तीन पत्त्यांत अठ्ठी किंवा त्याखालचे तीन वेगवेगळे पत्ते येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, म्हणजे साधारण सहातून एकदा. तुम्ही तीनातून एक हँड खेळला असाल, तर एकतर भरपूर पॉट चोरत होता (पत्ते चांगले नसताना बेट लावून सगळ्यांना सोडायला लावत होता), नाहीतर गुलाम-दश्शी घेऊन आत शिरत होता. कोणतं, ते चौथ्या पायरीत कळेल.

मग सांधे, म्हणजे खेळ बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन हँड. या सगळ्या, फोल्ड केलेल्या (सोडून दिलेल्या) सुद्धा, एकत्र काढा. रॅझवरून स्टडवर येताना सगळं उलटतं. रॅझमध्ये सर्वांत मोठा उघडा पत्ता असलेल्याला ब्रिंग-इन (सुरुवातीची सक्तीची छोटी बेट) द्यावी लागते, स्टडमध्ये सर्वांत लहान पत्त्याला. निदान हा बदल डोळ्यांत भरतो. स्टडवरून स्टड हाय-लोवर जाताना पडद्यावर जवळजवळ काहीच बदलत नाही. तेच टेबल, तशीच वाटणी, ब्रिंग-इनही लहान पत्त्यालाच. फक्त राजाची जोडी, जी मिनिटभरापूर्वी आनंदाने रेझ करायची (बेट वाढवायची) होती, ती आता लहान पत्त्यांच्या गर्दीत अवघडलेली असते. लहान पत्तेवाला अर्धा पॉट घेऊन सुटू शकतो आणि पुढे स्ट्रेट (सलग पाच पत्ते) किंवा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागला तर सगळाही नेऊ शकतो. राजाच्या जोडीला लो बाजू बहुतेक कधी मिळतच नाही.

पायरी ३ : निकाल झाका

हँड वाचताना शेवटचे पत्ते आणि कोण जिंकलं हे कागदाने झाका. एकेक फेरी उघडत जा आणि प्रत्येक थांब्यावर आज काय केलं असतं ते लिहा. मगच काल काय केलं ते बघा. दोन्ही जुळलं आणि तरी हरलात, तर ती हँड संपली, पुढची घ्या. जिंकलेल्या हँडही याच चाळणीतून काढा. चुकीचा कॉल करून (समोरच्याची बेट भरून) जिंकलेला पॉट पुढच्या दहा स्पर्धांत तोच कॉल करायला लावतो.

पायरी ४ : स्टडचे मेलेले पत्ते

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पाचपैकी तीन खेळ स्टडच्या घराण्यातले आहेत, आणि तिथे प्रत्येकाचा एक पत्ता सुरुवातीपासून उघडा असतो. समोरच्याने फोल्ड केलं की त्याचा पत्ता पडद्यावरून जातो, तोच मेलेला पत्ता. लक्षात ठेवणं तुमचं काम. मेंढीकोट खेळताना कुठल्या दश्श्या पडून गेल्या हे ज्याच्या डोक्यात असतं, त्याला हे जड जाणार नाही.

याचं मोल किती? स्टडमध्ये तुमचे पहिले तीनही पत्ते किलवरचे आहेत आणि टेबलावर आठ जण आहेत. बाकीच्या सात उघड्या पत्त्यांत एकही किलवर नसेल, तर सातव्या पत्त्यापर्यंत फ्लश होण्याची शक्यता २३.६ टक्के. तीन किलवर दिसत असतील, तर १२.३ टक्के. तुमचे पत्ते तेच, किंमत जवळजवळ निम्मी. रॅझमध्ये हिशेब जरा वेगळा: तुमच्याकडे एक्का-४-७ असताना दुसऱ्यांसमोर एक्के, चौके, सत्त्या दिसल्या तर चांगलंच, कारण तुमची जोडी लागण्याची भीती कमी झाली. दुऱ्या, तिऱ्या आणि पंज्या दिसल्या तर तुम्हाला हवे असलेले पत्ते गेले.

सराव असा करा. तुम्ही खेळलेली एखादी स्टड हँड निवडा, हिस्टरी न उघडता आठवतील ते फोल्ड झालेले पत्ते लिहा, मग पडताळा. ज्या खेळात निम्मेही आठवत नाहीत, तिथे तुम्ही स्टड खेळतच नव्हता. स्वतःचे तीन पत्ते बघून जुगार चालला होता. हे कडक वाटेल, पण दुसरा शब्द नाही.

आता फोल्ड केलेल्या हँड. होल्डेममध्ये त्यांतून फारसं शिकता येत नाही, कारण दुसऱ्यांचे पत्ते झाकलेले असतात. स्टडच्या हिस्टरीत सगळे उघडे पत्ते लिहिलेले असतात, त्यामुळे चोरीच्या हुकलेल्या संधी मोजता येतात. समजा लिमिट १००/२०० (आधीच्या फेऱ्यांत बेट १००, पाचव्या पत्त्यापासून २००), अँटी (प्रत्येकाने डावाआधी भरायच्या चिप्स) २०, ब्रिंग-इन ३० आणि आठ खेळाडू. कुणी काही करण्याआधीच पॉटमध्ये १९० चिप्स पडलेल्या असतात. १०० लावून कम्प्लीट केलं (ब्रिंग-इन पूर्ण बेटपर्यंत नेली) आणि सगळ्यांनी सोडावं असं तीनातून एकदापेक्षा किंचित जास्त वेळा घडलं, तरी तिथल्या तिथे फायदा. रॅझमध्ये तुमच्यासमोर तिर्री, मागे उरलेल्या दोघांसमोर राणी आणि राजा, आणि तुम्ही आतले दोन पत्ते वाईट म्हणून फोल्ड केलंत, तर त्या हँडवर खूण करा. अशा खुणांची संख्या बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो, विशेषतः ज्यांना आपण शिस्तीने खेळतो असं वाटत असतं त्यांना.

पायरी ५ : ‘एकच तर बेट आहे’ वाले कॉल

याच लिमिटची रॅझची एक हँड घ्या. तुमच्याकडे झाकलेले एक्का आणि ४, उघडी सत्ती. समोरच्याने छक्की दाखवत कम्प्लीट केलं, तुम्ही कॉल, बाकी सगळे बाहेर. पॉट ३९०. चौथ्या पत्त्याला तुम्हाला राजा आला, त्याला तिर्री. तो १०० लावतो. पॉट ४९० आणि भरायचे फक्त १००, म्हणजे १७ टक्के शक्यता पुरेशी, असं मन सांगतं.

पाचव्या पत्त्यापासून बेट दुप्पट होते हे मन सांगत नाही. शेवटपर्यंत गेलात आणि तो प्रत्येक वेळी बेट करत राहिला, तर तुमचे आणखी ७०० जातात आणि अखेरचा पॉट १,७९० चा होतो. लागणारी शक्यता ३९ टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मधला, कारण पाचव्याला पुन्हा वाईट पत्ता आला तर तुम्ही सोडाल, किंवा त्यालाच राणी येईल. पण चार चांगल्या पत्त्यांसमोर तीन चांगले आणि एक राजा घेऊन चौथ्यावर सोडून देणं, हाच या जागचा नेहमीचा नियम आहे. तपासताना चौथ्या पत्त्यावर केलेले सगळे कॉल एका जागी लिहा. बहुतेकांची गळती तिथेच सापडते.

सातव्या पत्त्यावर उलटा हिशेब. पॉट आठ मोठ्या बेटचा (मोठी बेट म्हणजे इथे २००), भरायची एक. नऊपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरी. चुकीचा कॉल एक बेट घेतो, चुकीचा फोल्ड आठ. म्हणून शेवटी ‘तो नक्की जिंकत होता’ म्हणून सोडलेल्या हँड काढून बघा, आणि खरंच नक्की होतं का ते स्वतःला विचारा.

पायरी ६ : अर्धे पॉट

ओमाहा हाय-लोमध्ये एकच प्रश्न पुरतो: या हँडमध्ये सगळा पॉट जिंकायची वाट कुठे होती? एक्का-दुर्री हातात आली की लोक डोळे मिटून रेझ करत जातात. पण तीच लो दुसऱ्याकडेही असेल आणि हाय बाजू हातात नसेल, तर मिळतो पॉटचा पाव भाग. तिघांनी चार-चार बेट भरल्या तर पॉट बाराचा, तुम्हाला तीन. सर्वोत्तम लो असून एक बेट गेली. समोर एकच जण असेल तर आणखी वाईट: चार भरून दोन परत. अशा ठिकाणी तुम्ही शेवटची रेझ केली होती का, एवढंच टिपा.

लिमिट होल्डेमवर फार वेळ घालवू नका. पाचांत तोच सर्वांना सर्वांत जास्त येतो आणि म्हणूनच सगळे आधी तोच तपासायला घेतात.

पायरी ७ : चिप्स किती बेटच्या होत्या

प्रत्येक शंकास्पद हँडशेजारी त्या वेळच्या तुमच्या चिप्स मोठ्या बेटमध्ये लिहा. ६०० चिप्स म्हणजे १००/२०० ला तीन मोठ्या बेट. स्टडमध्ये एवढ्यावर हँड सुरू केली तर सहाव्या पत्त्यापर्यंत तुम्ही बहुधा ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. तिथे चौथ्यावर फोल्ड करावं का, हा प्रश्न तिसऱ्यावर आत शिरावं का इथेच सुटायला हवा होता. शिवाय पुढचा खेळ कोणता होता तेही बघा. लेव्हल, आणि तिच्यासोबत खेळ, बदलायला दोन मिनिटं असताना, तुम्हाला नीट येणाऱ्या खेळाची वाट बघायची सोडून रॅझमध्ये नव्वीवर चिप्स टाकल्या असतील, तर ती चूक रॅझच्या पानावर लिहू नका. तिच्यासाठी सहावं पान घ्या.

पायरी ८ : पुढच्या वेळेसाठी एकच ओळ

पाच पानांतून पाच धडे घेऊन बसलात तर खेळताना एकही आठवणार नाही. सर्वांत जास्त खुणा ज्या जागी पडल्या तिथली एक सूचना कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा: ‘चौथ्यावर राजा आला, सोड’, किंवा ‘स्टड हाय-लो सुरू, जोडी बघून थांब’. शक्यता काढणारी गणकयंत्रं आणि हिस्टरी खेळ चालू असताना उघडू नका; खेळ चालू असताना अशी मदत घेण्यावर साइटचे कडक निर्बंध असतात. एखाद्या जाणत्या मित्राला हँड पाठवायची असेल तर समोरच्यांची टोपणनावं खोडा आणि निकालाची ओळ कापून टाका. नाहीतर तोही निकाल बघूनच मत देईल.