पिकअपच्या स्टीअरिंगला प्ले आलाय? पाना लावण्याआधी या चुका टाळा

बंदरावरच्या रांगेत पुढच्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं आणि मागच्या पिकअपची पुढची चाकं तेच पाणी स्वतःच्या टाय रॉडवर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्यावर, उडवत असतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा. त्यात जांभ्याची लाल धूळ, चार महिन्यांचा पाऊस आणि घाटातली वळणं. देशावर निवांत चालणारा टाय रॉड एंड, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा सांधा, इथे लवकर ढिला होतो. सुरुवात रबरापासून होते. सांध्यावरचं डस्ट कव्हर फाटतं, खारं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि मग बॉल आणि त्याची वाटी एकमेकांना खायला लागतात.

सांधा बदलणं तसं अर्ध्या दिवसाचं काम. बिघडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. प्ले, म्हणजे चाकं न वळता होणारी रिकामी हालचाल, कुठे आहे हे न शोधताच सुटे भाग आणले जातात, आणि भाग बसवल्यावर माप न घेता गाडी घाटाला लावली जाते.

बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले ‘काढणं’

ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण तिला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. स्टीअरिंग बॉक्सच्या, म्हणजे कॉलमच्या खालच्या टोकाच्या दातेरी पेटीच्या, झाकणावर एक स्क्रू आणि त्यावर लॉक नट असतो. स्टीअरिंग चार बोटं रिकामं फिरतंय म्हटलं की हा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळला जातो. हाताला लगेच फरक जाणवतो, गिऱ्हाईक खूश.

पण बॉक्सच्या आतले दात मधल्या जागी, म्हणजे चाकं सरळ असताना, मुळातच घट्ट बसवलेले असतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल. स्क्रू जास्त आवळला की बॉक्स मध्यावर जाम धरतो. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपसूक सरळ येत नाही. आंबा किंवा करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणानंतर ते हाताने ओढून आणावं लागतं. आतले दात झिजतात ते वेगळंच, आणि खालचा ढिला टाय रॉड एंड होता तसाच ढिला राहतो.

स्क्रूला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. सगळे सांधे तपासून, गेलेले बदलून झाले आणि तरी प्ले उरला, तर ड्रॅग लिंक (चाकाकडे जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या दांडीपासून) सोडवा, स्टीअरिंग बरोबर मध्यावर आणा आणि स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून तो पेचकसाने धरून ठेवा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मध्ये किंचित जड लागलं तर चालेल, अडकलं तर मागे घ्या.

चाकं उचलून हलवली की तपासणी झाली, असं समजणं

गाडी जॅकवर घेतली की सांध्यांवरचं ओझं उतरतं आणि झिजलेला सांधाही कधी कधी घट्ट वाटतो. म्हणून पहिली तपासणी जमिनीवर, गाडीच्या पूर्ण वजनासकट. सपाट जागा, चाकं सरळ, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पाचर. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग घड्याळातल्या 11 ते 1 एवढंच डावी-उजवीकडे भराभर हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोटं अशी ठेवायची की अर्धी सांध्याच्या वाटीवर आणि अर्धी शेजारच्या आर्मवर येतील. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकदमच हलतात. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, बोटाखाली ‘टक’ लागलं, की तो सांधा गेला.

क्रम वरून खाली ठेवा: कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. सेंटर लिंकवाल्या (मधला आडवा दांडा असलेल्या) गाडीत आयडलर आर्म, म्हणजे त्या दांड्याचं दुसरं टोक धरणारी दांडी, वर-खाली हलवून बघा. बॉक्सऐवजी रॅक (दातेरी पट्टी) असेल तर रबरी बूट दाबून आतला बॉल तपासा. आणि एक जागा हमखास राहून जाते, ती म्हणजे बॉक्स चेसिसवर जिथे बोल्टने बसतो ती. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत तिथला पत्रा गंजून चिरलेला असतो, अख्खा बॉक्सच डुलतो आणि दोष टाय रॉडला दिला जातो.

त्यानंतर गाडी उचला. खाली टेकू लोखंडी स्टँडचाच द्या. अंगणात चिरे पडलेले असतात म्हणून चिरा लावायची सवय इथे फार आहे, पण जांभ्याचा चिरा एका ठिकाणी भार आला की न सांगता फुटतो. चाक 3 आणि 9 वर धरून हलवलं तर प्ले टाय रॉडचा. 12 आणि 6 वर हलवलं तर बेअरिंगचा, किंवा चाक ज्यावर वळतं त्या किंग पिन अथवा बॉल जॉइंटचा. ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट.

बॉक्सवाल्या गाडीत स्टीअरिंगच्या कडेवर 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा जास्त रिकामी हालचाल असेल तर काम निघालंच समजा. रॅकवाल्या गाडीत ती याहून बरीच कमी हवी. ठरावीक वेगालाच, समजा 70 च्या आसपास, स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. खड्ड्यात चाक आदळल्यावर झटके सुरू होऊन थांबतच नसतील, तर सांध्यांकडे बघा.

काढताना घण घालणं

टाय रॉड एंडचा स्टड (बॉलला जोडलेली आट्यांची दांडी) उतरता असतो आणि आर्मच्या डोळ्यात, म्हणजे भोकात, पाचरीसारखा रुतून बसतो. नट पूर्ण काढून स्टडच्या टोकावर हातोडा मारला की आटे चेपतात, स्टड फुगतो आणि मग अजिबात निघत नाही. नट फक्त तीन-चार फेरे सैल करून तसाच ठेवा. पुलर लावून ताण द्या आणि आर्मच्या डोळ्याला बाजूने एक सणसणीत ठोका द्या, मागून दुसरा हातोडा टेकवून. बहुतेक वेळा आवाज करून सुटतो. दोन शिंगांची पाचर वापरली तर डस्ट कव्हर फाटणारच, म्हणून तो सांधा टाकून द्यायचा असेल तरच ती घ्या.

गॅसने लाल करून सांधा सोडवू नका. नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) आर्म आणि लिंक यांच्या पोलादाची ताकद उष्णतेने जाते. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणं किंवा त्याला वेल्डिंग करणं, हे तर नाहीच. गाडीवर दुसरीकडे वेल्डिंग चालू असेल तर अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. करंट बॉल जॉइंटमधून गेला तर आत बारीक खड्डे पडतात.

ड्रॉप आर्म काढायचा तर आधी आर्म आणि शाफ्टवर छिन्नीने खूण करा. एक दात चुकला की एका बाजूला गाडी कमी वळते आणि बॉक्स टोकाला आपटतो. तो पुलरनेच काढायचा, कारण ठोका थेट बॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

बसवताना ग्रीस, खिळा आणि अर्धा फेरा मागे

उतरता स्टड आणि डोळा दोन्ही कोरडे, स्वच्छ हवेत. गंज तारेच्या ब्रशने काढा, रॉकेलने पुसा, सुकू द्या. ‘पुढच्या वेळी सहज निघावा’ म्हणून तिथे ग्रीस लावलं तर स्टड डोळ्यात पकड घेत नाही, हलत राहतो आणि डोळा मोठा करतो. डोळा एकदा मोठा झाला की नवा टाय रॉड एंडही टिकत नाही, आर्मच बदलावा लागतो. शंका असेल तर स्टडवर मार्करची शाई फासून हाताने बसवा, फिरवा, काढा. शाई सगळीकडून पुसली गेली पाहिजे. फक्त वरच्या कडेची गेली असेल तर एंड चुकीचा किंवा डोळा खराब.

नट आवळताना स्टड सोबत फिरतो. अशा वेळी खालून जॅकने हलका दाब द्या, पकड आली की सोडा. 12 ते 14 मिलिमीटरच्या स्टडला साधारण 45 ते 70 न्यूटन-मीटर लागतं, पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. कॅसल नटची (वरच्या कडेला खाचा असलेल्या नटची) खाच स्टडच्या भोकासमोर आली नाही तर नट पुढे न्या. मागे घेऊन खाच जुळवणं म्हणजे पकड सोडणं. त्या भोकातून जाणारी कॉटर पिन नवीच, मापाची. खिळा किंवा बांधायची तार खाऱ्या हवेत कधी तुटली ते कळतही नाही. नायलॉनवाला नट असेल तर तो एकदाच वापरायचा.

माप न घेता जुळवणं

जुना टाय रॉड काढण्याआधी एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत लांबी मोजा आणि लिहून ठेवा. एंड काढताना फेरे मोजा. एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून टाय रॉडची नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. दोन्ही बाजूंचे आटे नळीत सारखे गेलेले हवेत. क्लॅम्पची फट नळीच्या चिरेवर आणा आणि पूर्ण वळणावर बोल्ट कशाला घासत नाही ना ते बघा.

सलग पुढचा ॲक्सल असलेल्या गाडीत टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) टाय रॉडने जुळतं आणि स्टीअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकने. हे उलटं केलं जातं, मग स्टीअरिंग तिरकं राहतं आणि शेवटी कोणीतरी स्टीअरिंगच काढून सरळ करून बसवतो. त्यामुळे बॉक्सचा मध्य हलतो. रॅकवाल्या गाडीत दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवा.

अलाइनमेंटचं यंत्र लांब असेल तर निदान खडू आणि टेपने जुळवून तिथपर्यंत जा. दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूने रेघ मारा, गाडी दोन मीटर पुढे ढकला, मागे नाही, आणि रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून सारख्याच उंचीवर मोजा. पुढचं अंतर 0 ते 3 मिलिमीटर कमी असलं की बहुतेक पिकअप सरळ चालतात. टायरच्या खाचांना हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धार लागत असेल तर टो चुकलाय.

पाटे वाढवायचे आणि स्टीअरिंगला दोष द्यायचा

चिरे वाहणाऱ्या गाड्यांना मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालतात. रिकामी गाडी मग मागून उचललेली राहते. व्हीलबेस 3 मीटरचा असेल आणि मागचा भाग 5 सेंटिमीटर वर गेला तर पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) जवळजवळ 1 अंशाने कमी होतो. गाडी सरळ रेषेत टिकत नाही, स्टीअरिंग हलकं आणि भिरभिरं लागतं. टाय रॉड बदलून हे जाणार नाही, कॅस्टरच्या पाचरी बघाव्या लागतील. पुढचे पाटे वाढवले तर ड्रॅग लिंकचा कोन तीव्र होतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप बाजूला ओढते. जाड टाय रॉड घालणं चांगलंच, दगडाला लागून तो वाकत नाही. पण झिजलेल्या किंग पिनवर तो घालून उपयोग नाही. स्टीअरिंग डॅम्परचंही तसंच, झटके दाबतो आणि खरा ढिला सांधा आणखी वर्षभर लपवून ठेवतो.

पावसाळ्याआधी काळं ऑइल

चेसिसला गंज चढू नये म्हणून मे अखेर खालून जळकं ऑइल मारतात. चेसिसला ठीक, पण डस्ट कव्हरचं रबर त्याने फुगतं, मऊ होतं आणि फाटतं. वर लाल धूळ चिकटून कानशीसारखी घासते. मारायचंच असेल तर आधी सगळे सांधे प्लास्टिकने गुंडाळा. धुताना प्रेशरचा फवारा थेट कव्हरवर धरू नका. बंदरावरून आल्यावर साध्या पाण्याचा पाइप सोडला तरी मीठ जातं.

ग्रीस भरायचं निपल असलेल्या सांध्यात पाणी न मिसळणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस भरा. निपल आधी पुसा, नाहीतर वाळू आत जाते. कव्हर किंचित फुगलं की थांबा, जास्त भरलं तर तेच फाटतं. बाहेर येणारं ग्रीस दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. तेव्हा मात्र स्वच्छ ग्रीस येईपर्यंत भरा आणि त्या सांध्यावर लक्ष ठेवा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि तोवर आंबाही संपलेला असतो. हे काम काढायला याहून चांगली वेळ नाही. दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर ओल्या मातीवर उभी करू नका आणि आठवड्यातून एकदा स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवा. ऑगस्टमध्ये गाडी लायनीला लावल्यावर पहिल्या 200 किलोमीटरनंतर कॉटर पिना जागेवर आहेत का आणि क्लॅम्पचे बोल्ट सैल झालेत का, एकदा वाकून बघा.