सोळा दोऱ्या आणि एक काठी: घरच्या घरी मॅक्रमेचं वॉल हँगिंग

परकराची नाडी बांधताना आपण आधी एक अर्धी गाठ मारतो आणि मग दुसरी. दोन्ही गाठी उलटसुलट पडल्या तर निरगाठ घट्ट आणि सपाट बसते. एकाच बाजूने पडल्या तर गाठ तिरकी होते, सरकते. मॅक्रमे म्हणजे दोऱ्यांना गाठी मारत केलेलं विणकाम, आणि त्याचं निम्मं शास्त्र एवढंच. उरलेलं निम्मं म्हणजे दोरी मोजून कापणं, आणि नवशिक्यांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

शब्द अरबी वळणाचा असला, तरी काम आपल्याला परकं नाही. दह्यादुधाची मडकी टांगायची शिंकी गाठी मारूनच होत आणि साडीच्या पदराच्या दशांना आजही हातानेच गाठी मारतात. माझ्या आत्याकडे कुंडी टांगायला नायलॉनच्या दोरीचं शिंकं होतं, भडक हिरवं. म्हणून मीही पहिल्यांदा नायलॉनच आणलं. ती दोरी गुळगुळीत, आवळलेली गाठ चहा होईपर्यंत ढिली व्हायची. शिकायचं असेल तर सुती दोरीच घ्या.

काय लागेल

चार मिलिमीटर जाडीची सुती दोरी साधारण ५० मीटर. ती दोन तऱ्हेची मिळते. एक तीन पदरी, पीळ घातलेली. तिच्या गाठी ठसठशीत दिसतात. दुसरी एकपदरी, मऊ. ती विंचरली की खालची झालर कापसासारखी फुलते. पहिल्या कामाला मी एकपदरी सुचवेन, कारण चुकलेली गाठ सोडवताना ती कमी त्रास देते. पांढऱ्यापेक्षा मोतिया रंग बरा, हाताचा मळ लगेच दिसत नाही.

काठी अंगठ्याएवढी जाड आणि ४० सेंटिमीटर लांब हवी. बांबू किंवा पडद्याचा जुना लाकडी दांडा उत्तम. झाडाची फांदी घेणार असाल तर आधी आठवडाभर कडक उन्हात वाळवा आणि बारीक भोकं नाहीत ना ते बघून घ्या. मी आंब्याची एक सुंदर वळणदार फांदी वापरली होती. महिन्याभरात सोफ्यावर रोज चिमूटभर पिवळसर भुसा पडायला लागला. लाकडात कीड होती. सगळ्या दोऱ्या उतरवून नव्या काठीवर चढवाव्या लागल्या.

याशिवाय धारदार कात्री, मोजपट्टी, चिकटपट्टी आणि रुंद दातांचा कंगवा.

दोरी कापणं

काम जेवढं लांब हवं त्याच्या चौपट लांबीचा प्रत्येक पेड, म्हणजे काठीखाली लोंबणारा दोरीचा एकेक भाग, धरायचा. दोरी मधोमध दुमडून काठीला अडकवायची असते, म्हणजे कापताना आठपट. आपल्या नमुन्याला प्रत्येकी ३ मीटरच्या १६ दोऱ्या पुरतात, थोडी उरतेही. उरलेली परवडते, संपलेली नाही, कारण मधेच जोड दिला तर तो लपत नाही.

मोजायची सोपी युक्ती सांगते. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून ठेवा, पाठींच्या बाहेरच्या कडांमध्ये दीड मीटर अंतर हवं. दोरीचं टोक एका खुर्चीला चिकटवा आणि दोन्ही पाठींभोवती मिळून सोळा वेढे घ्या. मग त्याच खुर्चीपाशी सगळे वेढे एकदम कापा. दुसऱ्या खुर्चीपाशी प्रत्येक दोरीचा मध्य आपोआप हाती येतो. टोकं उसवू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टी गुंडाळा.

काठीला दोऱ्या अडकवणं

काठी खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर टांगा. मांडीवर घेऊन हे काम होत नाही, दोरी ताणलीच जात नाही. दुमडलेल्या दोरीचा फास काठीवरून मागे सोडा, दोन्ही टोकं खालून त्या फासातून पुढे ओढून घ्या आणि आवळा. अशा सोळा झाल्या की खाली ३२ पेड लोंबतील. सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला आहे ना ते इथेच बघून घ्या.

चौकोनी गाठ

ही मात्र सावकाश शिका. चार पेड घ्या. मधले दोन नुसते ताठ राहतात, काम कडेचे दोन करतात.

डावा पेड मधल्या दोघांच्या पुढून उजवीकडे न्या. उजवा पेड त्याच्या शेपटावरून घ्या, मधल्या दोघांच्या मागून डावीकडे न्या आणि डाव्या बाजूला झालेल्या फटीतून पुढे काढा. आवळा. ही अर्धी गाठ. आता हेच उलट: उजवीकडे गेलेला पेड पुन्हा पुढून डावीकडे, आणि दुसरा त्याच्या शेपटावरून, मागून, उजव्या फटीतून बाहेर. आवळा. झाली चौकोनी गाठ.

डावं-उजवं डोक्यात ठेवायला गेलात तर गोंधळाल. एवढंच लक्षात ठेवा: जो पेड पहिल्यांदा पुढून गेला, तोच दुसऱ्यांदाही पुढून जातो. मी शिकताना कडेच्या एका पेडाला शेंदराचं बोट लावलं होतं. शेंदरी पुढून, पांढरा मागून. दहा गाठींनंतर शेंदराची गरज उरली नाही. हे चुकलं की गाठींची माळ जिन्यासारखी गोल फिरायला लागते. तसा पीळ मुद्दाम हवा असेल तर छानच दिसतो, पण इथे नको.

त्रिकोण

पहिल्या ओळीत काठीखाली बोटभर अंतरावर चार-चार पेडांच्या आठ गाठी. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांचे दोन-दोन पेड सोडून द्या. आता शेजारच्या दोन गाठींचे दोन-दोन पेड एकत्र येतात आणि सात गाठी होतात. तिसऱ्या ओळीला कडेचे चार-चार सोडले की सहा. असं करत आठव्या ओळीत मधोमध एकच गाठ उरते. ओळीगणिक मधले पेड कडेला आणि कडेचे मध्ये येतात, त्यामुळे तेच ते पेड लवकर संपत नाहीत.

ओळींमधलं अंतर नजरेने सारखं येत नाही. लग्नपत्रिकेची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि प्रत्येक गाठीच्या वर ती धरूनच आवळा.

तिरकी कड

त्रिकोणाला काठ हवा, नाहीतर काम अर्धवट वाटतं. अगदी डावा पेड त्रिकोणाच्या कडेने मध्याकडे तिरका ताणून धरा, बाकीच्या पेडांच्या पुढून. हा कणा. दुसरा पेड कण्याच्या मागून वर, पुढून खाली, आणि झालेल्या फासातून बाहेर. त्याच पेडाने हे पुन्हा एकदा, मगच तिसरा. सोळाव्यापर्यंत असंच. कणा सैल पडला तर कणाच गाठीत गुंडाळला जातो आणि रेघ वाकडी येते, म्हणून तो धरलेला हात हलू देऊ नका. उजवीकडूनही तसंच करा. मध्यभागी दोन्ही कणे भेटले की एकाने दुसऱ्यावर तशीच दुहेरी गाठ मारा.

झालर

काठीच्या दोन्ही टोकांना मीटरभर दोरी बांधा आणि काम भिंतीवर टांगा. कापण्याआधी रात्रभर लोंबू द्या, दोरी थोडी उतरते. दुसऱ्या दिवशी हवा तो आकार भिंतीवर चिकटपट्टीने आखा आणि आधी दोन बोटं लांबच कापा. मग टोकाकडून वर वर विंचरा. थेट वरून कंगवा घातलात तर गुंता होतो. विंचरून झाल्यावर शेवटची छाटणी. वाकडेतिकडे उभे राहणारे तंतू इस्त्रीच्या वाफेने बसतात.

ओल येणाऱ्या भिंतीवर हे लावू नका, पावसाळ्यात सुतावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. धूळ गॅलरीत झटकून निघते. धुवायचंच झालं तर गार पाण्यात, साबण अगदी थोडा, न पिळता, आणि सावलीत टांगून. छाटलेले तुकडे टाकू नका. वीतभर लांबीचे असले तर किल्ल्यांना अडकवायला दोन-तीन गोंडे सहज होतात.