टर्बोसाठी बिडाचं मॅनिफोल्ड वेल्ड करताय? या चुका टाळा

आमच्या यवतमाळ साइडला जुन्या बिनटर्बो डिझेल जीपवर टर्बो चढवायचं याड बऱ्याच पोरांना लागलंय, आणि सगळे येऊन अडकतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या पाइपावर. भाऊ, एक गोष्ट आधी समजून घ्या, बीड (कास्ट आयर्न) वेल्डिंगवर फाटत नाही, वेल्डिंगच्या बाजूला फाटते. बिडात कार्बन २ ते ४ टक्के, त्यामुळे तापून लवकर थंड झालं की टाक्याची (वेल्डच्या जोडाची) कड काचेसारखी कडक अन ठिसूळ होते, तिथं ड्रिलचा बिट नुसता घसरतो.

माझं पहिलं मॅनिफोल्ड असंच गेलं. मे महिना, शेडमध्ये कूलर चालू, त्याचं तोंड थेट टेबलाकडे. स्टीलच्या साध्या ७०१८ वेल्डिंग रॉडनं मस्त लांब टाका ओढला, काच वर केली अन 'टिक' असा आवाज आला, मग परत 'टिक'. पाहतो तं टाक्याच्या कडेनं केसाएवढी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन दिवसांची मेहनत गेली, लय वाईट वाटलं.

तवापासून निकेल रॉडशिवाय बिडाला हात लावत नाही. महाग आहे, पण काटकसर करायची ही जागा नाही.

दुसरी चूक म्हणजे अर्धवट गरम करणं. एक तर पूर्ण पार्ट भट्टीत ५००-६०० डिग्रीपर्यंत सारखा तापवा अन गरम असतानाच काम उरका, नाहीतर थंड पद्धत धरा : इंचभराचा टाका, लगेच हातोडीनं हलके ठोके, मग हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्या, तवाच पुढचा टाका. गॅसकटरनं एकच कोपरा लाल करून बाकी थंड ठेवलं तर ते फाटणारच. भट्टी लावाल तर लाइन कवा जाते त्याचा अंदाज घेऊनच लावा. काम झालं की कोरड्या चुन्यात नाहीतर चुलीच्या कोरड्या राखेत पार्ट पुरून रातभर सोडा, उघडून पाहायचा मोह टाळा.

जुनं बीड तेल पिलेलं असते. आधी तापवून तेल जाळा, तड्याच्या दोन्ही टोकाला ३ एमएमचं भोक पाडा, मग तड्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच काढा, नाहीतर टाक्यात बुडबुडे येतात अन तडा पुढं सरकत जाते. पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) बाकी कामाला ठीक, एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याची ताकद राहत नाही.

फ्लँज (बोल्टच्या भोकांची जोडपट्टी) जाड प्लेटला नट-बोल्टनं आवळूनच वेल्ड करा, नंतर ती वाकली का ते सरळ पट्टी अन फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) पाहा. टर्बोचं वजन टाक्यावर लटकवू नका, ब्लॉकवरून ब्रॅकेट द्या. आतला स्लॅग (वेल्डिंगची खपली) छन्नी-ब्रशनं काढून हवा मारा, टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फिरते, एवढासा खडा पाती खाऊन टाकते.

खरं सांगू का, बिडाला स्टीलची फ्लँज जोडण्यापेक्षा जाड स्टीम पाइपचं नवं मॅनिफोल्ड बनवा, मी आता तेच करतो. फक्त बोअरवेलचा उरलेला जीआय (जस्त चढवलेला) पाइप नको, जस्ताचा धूर छातीत जाते अन रात्री थंडी-ताप भरते. अन रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत.

पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की नट पुन्हा आवळा, अन जोडावर बॅटरीचा उजेड मारा, काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून लीक आहे.