टॅपेटपासून सिलिंडर बंद करण्यापर्यंत : मोठ्या डिझेल इंजिनाचे व्हॉल्व्ह शिकताना

निफाडच्या थंडीत कांद्याचा ट्रक लासलगावच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभा असतो, तेव्हा डिझेल थेंबभर जळतं आणि हवा मात्र सिलिंडर भरून आत जाते. त्यामुळे एक्झॉस्ट गार राहतो. एससीआर, म्हणजे युरिया फवारून धुरातले नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) कमी करणारी यंत्रणा, साधारण 200 अंश सेल्सिअसच्या खाली नीट काम करत नाही. तिथे युरिया फवारला तर पाइपात पांढरे खडे धरतात. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण नियमांमध्ये ट्रकच्या इंजिनाला बदलत्या लोडच्या चाचणीत नॉक्सची मर्यादा 0.46 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास आहे. म्हणून व्हॉल्व्ह कंट्रोलकडे, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे हे बदलण्याकडे, आधी तापमान राखायची युक्ती म्हणून बघा, मायलेज नंतर.

उपाय मुख्यतः तीन. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केला की आत घेतलेली थोडी हवा परत जाते. कमी लोडला त्याने एक्झॉस्ट तापतो. जास्त लोडला खरं कॉम्प्रेशन घटून नॉक्स कमी होतो, पण गेलेली हवा टर्बोने भरून काढावी लागते, नाहीतर काळा धूर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडला तर गरमी पटकन मिळते, पण पिस्टनला ढकलायची ताकद वाया जाऊन डिझेल जास्त लागतं. आम्हाला तिसरा उपाय सर्वांत पटतो: सहापैकी तीन सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून त्यांचं डिझेल तोडायचं. उरलेल्या तिघांवर लोड वाढतो, एक्झॉस्ट तापतो, हवा ओढण्यात जाणारी ताकदही वाचते. किंमत म्हणजे थरथर, आणि फार वेळ मिटलेल्या सिलिंडरमधला दाब कमी होऊन रिंगांवरून ऑइल वर चढणं. म्हणून बंद सिलिंडर अधूनमधून पेटते करतात.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत काम शोधणाऱ्या डिप्लोमावाल्यांनी सिम्युलेशनच्या आधी हाताने टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट (गॅप) लावायला शिकावं. इंजिन थंड हवं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4 असेल तर क्रँक फिरवत सहाव्याचा एक्झॉस्ट मिटता-मिटता इनटेक उघडू लागेल तिथे थांबा. आता पहिल्याचे टॅपेट सेट करायचे. पुढे 120 अंश फिरवलं की दुसरा अशाच ओव्हरलॅपवर (एक मिटता-मिटता दुसरा उघडण्याच्या स्थितीत) येतो, तेव्हा पाचव्याचे. तसंच चौथ्यावर तिसऱ्याचे, आणि असंच पुढे. गॅप मॅन्युअलचाच घ्या, शेजारच्या इंजिनाचा नको. फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) किंचित अडत सरकला पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा गेज घाला. नवखे नेमकं हेच विसरतात. गॅप कमी राहिला तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि सीट जळते. जास्त राहिला तर टकटक होते, व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर मिटतो. उशिरा मिटवण्याचं कॅलिब्रेशन मग कागदावरच राहतं.

व्हॉल्व्ह हलवायला ऑइलच्या दाबाची हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर ऑइल म्हणजेच तिचा हात. गार ऑइल जाड असल्याने व्हॉल्व्ह आळसावतात, आणि ऑइलमध्ये हवा शिरली की लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) घटते. तक्रार फक्त सकाळचीच असेल तर ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) बदलायला धावू नका: ऑइलची ग्रेड, पातळी आणि प्रेशर बघा, मग सोलेनॉइडची (ऑइल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) जाळी, मग वायरिंग. नॉक्सचा कोड आला असेल तर त्याआधी युरियाचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासा, ते 32.5 टक्के हवं. युरियाच्या टाकीत पाणी ओतलेले ट्रक आडगावच्या टर्मिनलवर काही कमी येत नाहीत.