कॉलनीतला डांबरी रस्ता टिकवायचा कसा (सांगली-मिरजेतल्या काळ्या मातीवरच्या गल्ल्यांसाठी)

आपलं रस्त्याकडं लक्ष जातं ते खड्डा पडल्यावर, आणि खड्डा पडला म्हणजे दुखणं पार शेवटाला गेलेलं असतंय. त्याच्या बराच आधीपासून बारीक भेगा दिसत असतात, सकाळी झाडताना वरची चुरी झाडूत येते, कडेचं डांबर तुटून मुरूम उघडा पडतो, पण गाडी नीट जातीय म्हणून कुणी थांबून बघत नाही. तेव्हा भेगा बुजवल्या, पाणी काढून दिलं तर थोडक्यात भागतं, नाहीतर नंतर सगळा रस्ता उकरून खालपासून करावा लागतो आणि तो खर्च मंजूर व्हायला किती वर्षं जातात ते आपल्याला माहीत आहे.

पहिलं काम कागदाचं. रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का अजून लेआउटवाल्याच्या किंवा सोसायटीच्या नावावर आहे ते बघून घ्या. गुंठेवारीतल्या बऱ्याच गल्ल्यांत हाच घोळ असतो. ताबा महापालिकेचा असेल तर आपण परस्पर काही ओतायचं नाही, वॉर्डातल्या अभियंत्याला लेखी द्यायचं आणि काम करून घ्यायचं. सोसायटीचाच रस्ता असेल तर खाली लिहिलंय ते सगळं तुमच्या कमिटीलाच करायचंय.

आता मुख्य गोष्ट, पाणी. शामरावनगरसारख्या सखल भागात आणि नदीच्या बाजूला खाली काळी माती आहे, ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून डांबराच्या कडेपासून फूट-दोन फुटावर लांबच्या लांब उभी भेग पडते. ती भेग ट्रॅफिकमुळं नाही, कडेची माती ओली-सुकी होत राहते त्यामुळं पडते. तिथं नुसतं डांबर ओतून भागत नाही, साईडपट्टीवर चांगला मुरूम टाकून रोलर फिरवायचा आणि पट्टीला गटाराकडं उतार ठेवायचा, म्हणजे कडेला पाणी साचत नाही.

तपासणी ऑक्टोबरात करा, परतीचा पाऊस चालू असताना. सर थांबली की तासाभरानं गल्लीत एक चक्कर मारा. सगळा रस्ता सुकून करडा झालेला असतो आणि भेगांच्या रेषा तेवढ्या ओल्या, काळ्या राहिलेल्या असतात, त्यामुळं एरवी डोळ्याला न दिसणारी भेग पण तेव्हा दिसते. खडूनं खुणा करा, फोटो काढा. एखाद्या भेगेच्या कडेला बारीक चिखलाचा थर जमला असेल तर तिथं उभं राहून एखादा टेम्पो जाताना बघा, चाक पडलं की भेगेतून गढूळ पाणी वर येतं. म्हणजे पाणी खडीच्या थरापर्यंत पोचलंय आणि चाकाच्या दाबानं खालची माती बाहेर पडतीय, तिथं वरवरचा इलाज चालणार नाही. चौकड्या-चौकड्यांचं जाळं दिसत असेल (मगरीच्या पाठीसारखं, इंजिनिअर लोकंही त्याला मगरीचंच नाव देतात) तर तो तुकडा खालपर्यंत काढूनच करावा लागतो.

पाणी येतंय कुठनं ते पण शोधा. गच्चीचा पाईप थेट रस्त्यावर सोडलेला, गाडी आत घ्यायला गटारावर बांधलेला रॅम्प, नळाच्या जोडणीचं गळकं कॉक, रोज दारात पाईप लावून गाडी धुणं. एका घराचं पाणी एकाच जागी वर्षभर पडत राहिलं तर तिथला रस्ता टिकणं अवघडच. रॅम्पखाली मोठा पाईप टाकून घ्या म्हणजे गटार तुंबणार नाही, आणि गटाराचा गाळ मे महिन्यात पावसाळ्याच्या आधी काढून घ्या, काढलेला गाळ कडेलाच ठेवला तर पहिल्या पावसात परत आत जातो. अजून एक, मांडवाच्या खांबासाठी रस्त्यात पहारीनं भोकं पाडू नका. गणपती झाले की ती भोकं मातीनं बुजवतात आणि तिथनंच पुढच्या वर्षी खड्डा चालू होतो. वाळू भरलेल्या डब्यात खांब उभा करता येतो, मंडळाच्या पोरांना समजावून सांगितलं तर ऐकतात.

भेगा भरायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रस्ता पूर्ण कोरडा असताना. केसासारख्या बारीक भेगा सगळीकडं असतील तर पातळ इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) फवारा किंवा स्लरी सील (इमल्शन आणि बारीक चुरीचा पातळ लेप) मारतात, आणि साधारण ३ मिमीच्या वरची भेग असेल तर ती एकेक करून भरावी लागते. तारेचा ब्रश मारा, कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ आणि गवताची मुळं काढा, मग इमल्शन किंवा भेगांसाठीचं रबर घातलेलं डांबर ओता आणि वर कोरडी क्रशरची चुरी टाका म्हणजे चाकाला चिकटून निघत नाही. साफ करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमकं तेच टाळलं जातं. धुळीवर ओतलेलं डांबर पापुद्र्यासारखं सुटून येतं.

खड्ड्याचं पॅचवर्क करताना खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या, आणि घट्ट थर लागेपर्यंत खाली जायचं. साफ करून तळाला आणि चारी कडांना टॅक कोट (नवा माल जुन्याला धरावा म्हणून मारायचा डांबराचा पातळ हात), मग खोल खड्डा असेल तर थरा-थरानं भरून प्रत्येक थर दाबायचा, शेवटी आजूबाजूपेक्षा किंचित वर ठेवायचा कारण गाड्या गेल्यावर तो बसतो. पावसाळ्यात हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचा माल) टाकू नये, तेव्हा पिशवीतला तयार कोल्डमिक्स (गरम न करता वापरायचा माल) वापरतात, पण तो पण पाणी उपसून, चिखल काढूनच. खड्ड्यात माती किंवा विटांचे तुकडे टाकणं तेवढं बंद करा, पाऊस पडला की त्याचा चिखल होतो आणि खड्डा रुंदावतो.

आता नवीन थर, म्हणजे आपण ज्याला सरसकट डांबरीकरण म्हणतो. त्याच्या आधी खोदाईची सगळी कामं उरकून घ्या. पाण्याची लाईन, ड्रेनेजची जोडणी, गॅस, केबल, ज्यांना ज्यांना खोदायचंय त्यांना विचारा, प्लॉट मोकळा असेल तर त्याच्या मालकालाही विचारा आणि जोडणी आताच बाहेर काढून ठेवायला सांगा. चर बुजवताना निघालेली काळी माती परत आत टाकू देऊ नका, मुरूम घ्या आणि वीतभर थर टाकून पाणी मारून दाबत या. चर नीट दाबलेली नसेल तर वर कितीही भारी डांबर टाका, पावसाळ्यात तेवढी पट्टी खाली बसणारच.

उंचीकडं लक्ष द्या. थरावर थर चढत गेला की रस्ता वर आणि घरं खाली, मग रस्त्याचं पाणी अंगणात. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. जुना थर खरवडून मग नवीन टाकणं सगळ्यात चांगलं, निदान कडेला आणि चौकात तरी खरवडून घ्या. चेंबरची झाकणं नवीन उंचीला आधीच वर घ्यायला सांगा, नाहीतर ती डांबराखाली जातात आणि ड्रेनेज तुंबलं की शोधायला रस्ता फोडतात. आणि पुरात बुडालेल्या रस्त्यावर घाईनं डांबर टाकायला लावू नका, खालचे थर सुकू द्या, तोपर्यंत जड गाड्या बंद ठेवा.

एस्टिमेटमध्ये कुठला थर आहे ते वाचा. गल्लीत बहुतेक २० मिमीचं कारपेट असतं. त्या थरात खडीमध्ये मोकळी जागा राहते, पाणी आरपार जातं, म्हणून त्यावर सील कोट (ती मोकळी जागा बंद करणारा पातळ थर) लागतोच, आणि पैसे वाचवायला पहिल्यांदा तोच गाळतात. सील कोट नसेल तर सही करायच्या आधी विचारा. जमत असेल तर ३० मिमीचा घट्ट थर मागा, त्याचा हिशोब पण सोपा आहे. १०० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, ३० मिमी जाड म्हणजे साडेदहा घनमीटर, दाबलेला माल घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतो, म्हणजे २४-२५ टन माल यायला पाहिजे. काट्याच्या पावत्या मागून बेरीज करा, कुणाशी भांडायची गरज पडत नाही.

काम चालू असताना गल्लीतलं कुणीतरी तिथं उभं पाहिजे. आधी रस्ता झाडून धूळ पूर्ण काढलेली असावी. मग टॅक कोट, जुन्या डांबरावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, सगळीकडं सारखा, बादलीनं शिंपडलेला नव्हे. इमल्शन मारल्यावर तपकिरी दिसतं, त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं, काळं झाल्यावरच माल टाकायचा. डंपरवर ताडपत्री पाहिजे. व्हीजी ३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. थर्मामीटर साईटवर असतो, मालात खुपसून दाखवायला सांगा. प्लँट लांब असेल आणि थंडीच्या सकाळी काम असेल तर याच्यातच गडबड होते, थंड माल दाबला जात नाही, वरनं गुळगुळीत दिसतो आणि पावसाळ्यात खडी सुटते. रोलर कडेकडून मधे येत गेला पाहिजे. चाकाला माल चिकटू नये म्हणून पाणी मारतात ते बरोबर आहे, डिझेल मारत असतील तर थांबवा, डिझेलनं डांबर विरघळतं.

उतार बघायला दोरी पुरते. मधून कडेला अडीच टक्के म्हणजे ३ मीटरला साडेसात सेंटीमीटर. मधोमध दोरी जमिनीला टेकवा, कडेला पातळी धरून ताणा आणि टेपनं खालचं अंतर मोजा. दोन-चार ठिकाणी बघितलं तरी कळतं, आणि रोलर तिथं आहे तोपर्यंतच सांगण्यात अर्थ आहे.

काम झाल्यावर रस्ता गार होईपर्यंत गाडी आणू नका. पुढं उन्हाळ्यात भर दुपारी जड गाडी एका जागी तासन्‌तास उभी ठेवू नका आणि बुलेटच्या स्टँडखाली फळकूट ठेवा. उसाचा हंगाम चालू झाला की भरलेले ट्रॅक्टर-ट्रॉली शॉर्टकट म्हणून कॉलनीतनं घालतात, हा थर त्या वजनासाठी नसतो, तेव्हा दोन्ही टोकांना जड वाहनांना बंदीचा बोर्ड लावायची मागणी महापालिकेकडं करून ठेवा.

वर्कऑर्डरची प्रत, एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतल्या) नोंदी जवळ ठेवा. मागून देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून एका रस्त्याचं एकच काम लिहा. वर्कऑर्डरमध्ये दोष दुरुस्तीचा कालावधी दिलेला असतो, त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करून द्यायचा असतो. ती तारीख कॉलनीच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात जिथं पाणी साचलंय तिथं खडूनं कड आखा, टेप ठेवून तारखेसह फोटो काढा आणि त्याच आठवड्यात पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.