घरशाळेतला नाताळ: लहान मुलांसोबत आगमनकाळ कसा घालवावा

डिसेंबर लागला की आमच्या घरशाळेचं वेळापत्रक दोन ओळींचं होतं. सकाळी हातांचं एक काम, संध्याकाळी एक मेणबत्ती. गणिताची वही, इंग्रजी वाचन, सुलेखन, सगळं कपाटात. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. दोघंही शाळेत जात नाहीत. आम्ही वसईला वाडीतल्या घरात राहतो आणि गेले तीन नाताळ मुलांबरोबर घरीच शिकत साजरे केले. ज्यांच्या घरी अशीच लहान मुलं आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या वर्षी काय चुकलं ते आधी सांगते. मी 25 दिवसांचा तक्ता केला होता. रोज दोन उपक्रम, प्रत्येकाचं सामान वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख. बारा तारखेला थोरलीने कात्री खाली ठेवली आणि रडत विचारलं, "मम्मी, नाताळ कधी संपणार?" ते मला फार लागलं. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे वाट बघायचे दिवस, आणि मी वाट बघायला एक मोकळी दुपारसुद्धा ठेवली नव्हती. त्या रात्री तक्ता काढून टाकला. आता महिन्याभरात मोठी कामं चारच: चक्र, तारा, गोठा आणि फराळ. एक काम चार-पाच दिवस चाललं तरी चालू द्यायचं.

चक्र

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्ये कुठेतरी येतो. आदल्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर जातो आणि वाऱ्याने पडलेल्या सुरूच्या फांद्या गोळा करून आणतो. तोडायच्या नाहीत, खाली भरपूर मिळतात. जुन्या पितळी ताटात त्या गोल मांडायच्या, हेच आमचं चक्र, आणि त्यात चार रविवारांच्या चार मेणबत्त्या उभ्या करायच्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. मेणबत्ती फांदीला टेकू देऊ नका, सुरू वाळला की भुरकन पेट घेतो. आम्ही प्रत्येक मेणबत्ती वाळू भरलेल्या वाटीत रोवतो.

धाकटा रोज उठल्या उठल्या विचारतो, "आज नाताळ आहे का?" त्याच्यासाठी एक गोष्ट आहे. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. तिथली मुलंही हाच प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची. म्हणून 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर 20 लहान आणि 4 मोठ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे मुलं मोजू शकतील. गोष्ट ऐकल्यापासून धाकटा प्रश्न विचारायच्या आधी ताटाकडे जातो आणि न पेटलेल्या मेणबत्त्यांवर बोट ठेवतो.

संध्याकाळी आधी दिवे मालवायचे, मग मेणबत्ती, मग सासूबाईंबरोबर जपमाळेचा एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन-चार ओळी. बस. दहा मिनिटांपेक्षा जास्त ताणलं तर चार वर्षांचं मूल चुळबुळ करायला लागतं आणि मग आपणच रागावतो.

तारा

बाजारात प्लॅस्टिकचे तारे ढिगाने मिळतात. तरीही घरी करा. एवढी भूमिती एका जागी मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

बांबूच्या कामट्या दिवाळीतच जास्तीच्या घेऊन ठेवा, नंतर मिळत नाहीत. दीड-दीड फुटाच्या 10 कामट्या आणि तीन-साडेतीन इंचांचे 5 तुकडे लागतात. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन तारे सारखे करायचे. कामटी एकीवरून, दुसरीखालून, अशी विणत न्यायची, म्हणजे तारा सपाट राहतो. टोकं सुतळीने घट्ट बांधायची. ही गाठ थोरलीला पहिल्या दिवशी येत नव्हती, तिसऱ्या दिवशी आली, आणि मग तिने घरातल्या खुर्च्यांचे पायही बांधून ठेवले.

दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोकं एकमेकांना बांधायची. आता मधल्या पंचकोनाचे पाच कोपरे बघा. तिथे दोन्ही ताऱ्यांच्या मध्ये एकेक छोटा तुकडा उभा अडकवायचा. पहिला तुकडा बसला की तारा एका बाजूने फुगतो, आणि पाचवा बसला की सगळाच्या सगळा पोट धरून उभा राहतो. सपाट वस्तूला पोट येताना बघणं मुलांना फार आवडतं. धाकट्याने तर तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, "श्वास घेतोय."

पतंगाचा कागद चिकटवायच्या आधी मोजायला सांगा: समोरून पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागूनही तितकेच, आणि कडेचे अरुंद त्रिकोण दहा. कागद ताणून लावू नका. खळ ओली असते तोवर तो सैल दिसतो, वाळला की आपोआप ताठ होतो. मागचा पंचकोन उघडा ठेवा, तिथून बल्ब आत सोडायचा. एलईडीचाच, साधा बल्ब तापतो.

गोठा

गोठ्याला आम्ही आठवडाभर घेतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला, खऱ्या बैल-गाढवासकट, असं मुलांना सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, आपल्याकडे खरा बैल का नाही. आमच्याकडे शाडूचा आहे. शाडू गणपतीच्या दिवसांत सहज मिळतो, तेव्हाच दोन किलो घेऊन डब्यात झाकून ठेवा.

मुलांना मेंढ्या करायला द्या, पण बसलेल्या. उभ्या मेंढीचे काडीसारखे पाय वाळताना हमखास तुटतात आणि मग रडारड. मूर्ती उन्हात ठेवू नका, तडकतात. सावलीत तीन दिवस, रोज एकदा पालथ्या करायच्या.

आमच्या गोठ्यातलं बेथलेहेम वसईसारखं दिसतं. विहीर आहे, विहिरीवर रहाट आहे, केळीची बाग आहे. पहिल्या वर्षी मी खजुरीची झाडं आणि वाळवंट करायला बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळ आपल्याकडे यायचंय ना?" तेव्हापासून रहाट. नासरेथ ते बेथलेहेम वाट सुमारे दीडशे किलोमीटरची. मुलांना हा आकडा कळत नाही. वसईहून नाशिक जवळपास तितकंच, आणि तिथवर पोटात बाळ असलेली मरिया गेली, हे मात्र थोरलीला एकदम कळलं. ती गाडीतून नाशिकला गेली आहे आणि वाटेत दोनदा "अजून किती?" म्हणाली आहे.

हिरवळीसाठी नाचणी पेरायची. रात्रभर भिजत घाला, सकाळी उथळ ताटात बोटाच्या पेराएवढं कोकोपीट पसरून वर दाट भुरभुरा आणि ओल्या फडक्याने झाका. दोन-तीन दिवसांत मोड फुटतात, तेव्हा फडकं काढा. 14 डिसेंबरच्या सुमारास पेरलं की 24 ला बोटभर गवत तयार असतं. एका वर्षी उत्साहात 1 तारखेलाच पेरलं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळं पिवळं पडून आडवं झालं होतं. आता मुद्दाम दोन ताटं करतो, एक खिडकीत आणि एक अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीखाली. टोपलीखालचं सोनेरी पिवळं येतं. शेजारच्या काकूंकडे नवरात्रात घटाला येतं तसंच. थोरलीने ते ओळखलं आणि "काकूंचं धान अंधारात वाढतं का?" म्हणून विचारायला धावत गेली. त्या दिवशीचं विज्ञान तेवढंच, आणि ते पुरेसं होतं.

24 पर्यंत गव्हाण रिकामी ठेवा, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. पेंढा घाला, मरिया-योसेफ बसवा, पण बाळ आत नको. आमच्याकडे बाळ येशू काचेच्या कपाटात असतो आणि तो तिथे आहे हे दोघांनाही माहीत आहे. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनाविधीहून, आल्यावर धाकटा तो ठेवतो, कारण घरात तोच सगळ्यात लहान. त्या दिवशी दुपारी मुलांना दोन तास झोपवाच. चर्चमध्ये कडेच्या बाकावर बसा, शाल न्या, आणि झोपलं तर झोपू द्या. गेल्या वर्षी धाकटा अर्धवट झोपेत माझ्या कडेवर होता, त्याने डोळे किलकिले करून बाळाला पेंढ्यावर ठेवलं आणि दुसरा हात तसाच माझ्या गळ्यात राहू दिला.

6 डिसेंबर

सांताक्लॉजबद्दल मुलं विचारणारच. ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला, त्या संत निकोलसची गोष्ट आम्ही सांगतो. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचे ते बिशप, गुपचूप मदत करणारे. 6 डिसेंबरला त्यांचा सण असतो. आदल्या रात्री दाराबाहेर चपला ठेवायच्या, सकाळी त्यात संत्रं. मग त्या दिवशी मुलांनी कुणाला तरी गुपचूप काहीतरी द्यायचं. थोरलीने भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत चित्र ठेवलं होतं.

फराळ

दिवाळीला शेजारच्या घरांतून ताटं आलेली असतात. ती रिकामी परत जात नाहीत. नाताळला आमचा फराळ त्यांच्याकडे जातो: करंज्या, कुलकुल (शिंपल्यासारखे तळलेले गोड तुकडे), केक. ताटं 11, प्रत्येकात कुलकुल 15, तर एकूण किती? हे गणित थोरलीने दाण्यांचे ढिगारे करून सोडवलं, 165. "आपण खायचे वेगळे," असं धाकट्याने लगेच सांगितलं.

अर्धा किलो मैद्याचे दोनशेच्या आसपास कुलकुल होतात. त्यात 100 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, तीन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, आणि नारळाचं दूध लागेल तसं. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग शेंगदाण्याएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत चपटी करायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. रेघा बाहेर येतात, शिंपल्यासारखं दिसतं. चार वर्षांच्या हाताचे कुलकुल जाड होतात, आणि बारकांबरोबर तळले तर आतून कच्चे राहतात. ते फेकू नका, वेगळ्या ताटलीत ठेवा आणि वेगळा घाणा मंद आचेवर तळा. तळणी मोठ्यांचीच, मुलं तेव्हा स्वयंपाकघराबाहेर.

केकमध्ये बेदाण्यांबरोबर आम्ही सुकेळीचे तुकडे घालतो. राजेळी केळ्यांची ही सुकेळी वसईची खास, आणि केकला तिची एक मधासारखी चव येते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर, हे मी केक भाजत असताना सांगते, कारण तेव्हा घरभर वास असतो.

ताटं वाटायला मुलांनाच पाठवा. शाळेत न जाणाऱ्या मुलांना स्नेहसंमेलन नसतं, ही खंत मला होती. पण 11 दारांशी उभं राहून "आमचा नाताळ आहे, मम्मीने दिलंय" असं स्पष्ट बोलणं, काकूंच्या चार प्रश्नांना उत्तरं देणं, हे माझ्या लाजाळू थोरलीला जमलं. नाटुकलं हवंच असेल तर चर्चच्या धर्मशिक्षण वर्गात असतं. तिथे ती मेंढपाळ झाली होती.

नातेवाईक विचारतात, डिसेंबर वाया जात नाही का? मी रोज रात्री वहीत दोन ओळी लिहिते, काय केलं, काय मोजलं, कुठला नवा शब्द आला. जानेवारीत ती वही बघितली की माझीच काळजी मिटते. तुम्हीही लिहा.

तीन राजे

25 तारखेला सगळं आवरून टाकू नका. मत्तयच्या शुभवर्तमानात बाळाला भेटायला पूर्वेकडून ज्ञानी लोक येतात, त्यांनाच आपण राजे म्हणतो, म्हणून आमचे शाडूचे तीन राजे घराच्या पूर्वेच्या खोलीतून निघतात. ते तीन होते असं तिथे लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या: सोनं, ऊद, गंधरस. ऊद किराणा दुकानात मिळतो, निखाऱ्यावर घालून दाखवा.

पूर्वेच्या खोलीपासून गोठ्यापर्यंत आमच्या 48 फरश्या आहेत, 6 जानेवारीपर्यंत दिवस 12. रोज 4 फरश्या. हा भागाकार थोरलीने फरश्यांवर बसून केला, मी शिकवलेला नव्हता. चर्चमध्ये तीन राजांचा सण जवळच्या रविवारी असतो, घरी आम्ही 6 जानेवारी धरतो. रोज सकाळी दोघं मिळून राजांना सरकवतात, आणि केर काढताना मला त्यांना वळसा घालावा लागतो.

राजे पोहोचले की दुसऱ्या दिवशी आवरायचं. मूर्ती जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळा, मेंढ्या वेगळ्या डब्यात. पेंढा शेजारच्या गाईला. नाचणीचं गवत मुळांसकट उचलून केळीच्या बुंध्याशी पालथं घाला. बाळ येशू परत काचेच्या कपाटात, मुलांच्या डोळ्यांना दिसेल अशा खालच्या फळीवर.