वेगळ्या आकाराचा पास्ता आणलाय? मग या चुका टाळा

आता ऑनलाइन आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांत पेने, मॅकरोनीच्या पलीकडचे बरेच आकार मिळायला लागलेत. ओरेकिएत्ते, बुकातिनी, पाकेरी, फ्रेगोला असं काय काय लोक हौसेने आणतात पण घरी आल्यावर सगळ्यांवर तोच शिमला मिरची-मक्याचा व्हाइट सॉस पडतो, मग "काय वेगळं लागलं नाही बुवा" म्हणत उरलेलं पाकीट डब्यांच्या मागे जातं. फार वाईट वाटतं असं झालं की. कारण हे आकार शोभेसाठी नाहीत, त्यातला खळगा, भोक, घडी काहीतरी धरून ठेवायला आहे, त्यामुळे आधी आकार नीट बघायचा आणि मग सॉस ठरवायचा.

सुरुवात ओरेकिएत्तेपासून करूया, कारण सगळ्यात जास्त घोळ यातच होतो. हा दक्षिण इटलीतल्या पुलियाचा पास्ता, ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, अंडं नाही. बारी शहराच्या जुन्या भागात बायका अजूनही घराबाहेर टेबल टाकून हा करत बसतात: पिठाची लांब वळकटी, तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तो सुरीने लाकडी फळीवर दाबून ओढायचा की आपोआप वळतो आणि मग अंगठ्यावर घालून उलटा करायचा. ओढल्यामुळे खरखरीतपणा येतो आणि मधे छोटीशी वाटी तयार होते, तिच्यात भाजीचा तुकडा, लसूण, तेल बसावं म्हणून.

म्हणूनच तिथे तो चीमे दि रापा नावाच्या, सलगमच्या कुळातल्या कडसर पालेभाजीबरोबर खातात. आपण काय करतो, भाजी वेगळी परततो आणि शिजलेल्या पास्त्यावर ओततो, मग भाजी एकीकडे आणि पास्ता दुसरीकडे. खरी पद्धत म्हणजे दोन्ही एकाच पाण्यात शिजवायचं आणि मग लसूण, सुकी मिरची आणि अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे) विरघळवलेल्या ऑलिव्ह तेलात एकत्र फिरवायचं. चीमे दि रापा इथे मिळत नाही, तर मोहरीचा पाला घ्या किंवा मुळ्याचा कोवळा पाला, तोही छान लागतो. पालक मात्र नको, त्याला तो कडसरपणा नाही आणि पाणीही सुटतं. आणि शिजताना या वाट्या एकात एक बसून चिकटतात, मग मधल्या कच्च्या राहतात, तेव्हा पास्ता एकदम न ओतता भुरभुरवत सोडा आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, नंतर नाही ढवळलं तरी चालतं. पाण्यात तेल घालू नका, त्याने चिकटणं थांबत नाही आणि वर तेलाचा थर बसला की सॉस धरत नाही.

बुकातिनी म्हणजे आरपार भोक असलेली जाड स्पॅगेटी. रोमकडे ती आमात्रिचाना सॉसबरोबर चालते, टोमॅटो, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि पेकोरिनो चीज. तोंडाने ओढून खायला जाल तर भोकातून हवा येते आणि सॉस अंगावर उडतो, त्यामुळे काट्यावर थोडेच धागे घेऊन गुंडाळा. घट्ट क्रीमचा सॉस भोकात शिरतच नाही. आणि पातेल्यात मावत नाही म्हणून तोडू नका, टोकं मऊ झाली की आपोआप आत बसते.

आता याच्या उलट गंमत बघा, नेपल्समध्ये झीती आणि कांदेले हे लांब नळ्यांचे पास्ते मुद्दाम हातानेच तोडतात, कांदा आणि मांस तासन्‌तास शिजवलेल्या जेनोवेझे सॉससाठी, आणि तोडताना पडलेला चुराही त्यातच जातो, तोच सॉस दाट करतो. तेव्हा "पास्ता कधीच तोडायचा नाही" हा नियम सरसकट लावू नका.

मधे कच्चा आणि कडा गळालेल्या, ही तक्रार फारफाल्लेची, म्हणजे फुलपाखराच्या आकाराच्या पास्त्याची. चिमटा काढलेला मधला भाग जाड असतो, तर चव बघताना पंख नाही, तो मधला भाग चावून बघा. आकार असा एकसारखा शिजत नसेल तर भले भले अडकतात. फोक्सवॅगन गोल्फचं डिझाइन करणाऱ्या जॉर्जेत्तो जुजारोने 1983 मध्ये व्होइएल्लो या पास्ता कंपनीसाठी मारिल्ले नावाचा आकार काढला होता, दिसायला देखणा पण शिजायला असमान, तो काही टिकला नाही.

पाकेरी या मोठ्या नळ्या शिजल्या की ताटात चपट्या पडतात, ते बिघडलेलं नाही, तशाच असतात. फक्त झाऱ्याने जोरात हलवू नका, फाटतात. पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं काढून सॉसमध्ये पास्त्याचं पाणी घालत संपवा.

फ्रेगोला हा सार्डिनियाचा, भाजलेला, साबुदाण्यासारखा गोळ्या-गोळ्यांचा. हा उकळून गाळून टाकणं म्हणजे अर्धी चव मोरीत. शिंपल्यांच्या रश्श्यातच तो शिजवायचा, हळूहळू रस पीत फुगतो. कोकण-गोव्यात तर तिसऱ्या (छोटे शिंपले) ताज्या मिळतात, याहून चांगला जोडीदार नाही. तिसऱ्यांचं पाणी मुळातच खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चाखूनच. शिजल्यावरही न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्या.

ओर्झो, स्तेल्लीने असे बारीक आकार सूपचे. मात्र सूप उद्यासाठी उरवायचं असेल तर पास्ता त्यात शिजवू नका, सकाळपर्यंत सगळं सूप पिऊन लगदा होतो. वेगळा उकडून ठेवा आणि वाढताना वाटीत घाला.